भारवाहू विमानाचा जमाखर्च

विमान उडते कसे, या प्रश्नाचे उत्तर देणारी पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु उडणाऱ्या विमानाने स्वतःच्या वजनाखेरीज आणखी किती वजन उचलावे, आणि ते उचलता यावे म्हणून त्याची बांधणी कोणत्या विचाराने करावी, हा प्रश्न ज्याने एकदा हाती घेतला त्याला विमानविद्येचे अंतरंग जसे उलगडते तसे ते अन्य कोणत्याही मार्गाने क्वचितच उलगडते, असे माझे मत आहे. शोभेसाठी किंवा कसरतींसाठी बांधलेल्या रेडिओ-नियंत्रित मॉडेलमध्ये पाव किलो वजन इकडचे तिकडे झाले तरी ते खपून जाते. भारवाहू मॉडेलमध्ये मात्र हा कानाडोळा चालत नाही. कारण तेथे पंखांची एकूण उचल आधीच ठरून गेलेली असते, आणि सांगाड्यात, चाकांत, गोंदात अगर रंगात जे जे वजन खर्ची पडते ते ते नेमके ओझ्याच्या खात्यातून वजा होते. म्हणूनच असे विमान बांधणाऱ्याच्या मेजावर सुरी आणि करवत यांच्या जोडीला तराजू असतो, आणि प्रत्येक फळी कापण्यापूर्वी व गोंद सुकल्यानंतर तिचे वजन वहीत नोंदविण्याचा रिवाज तो निष्ठेने पाळतो.

या विद्येच्या आरंभकाळी ओझे म्हणून वेगळी वस्तू शोधावी लागत नसे. रेडिओ हेच ओझे होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामझू या गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली जे मॉडेल उडविले, आणि जे ‘गफ’ या नावाने पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात दाखल झाले, त्याचा पंखविस्तार आठ फुटांचा होता. निर्वात नळ्यांचा रिसीव्हर व त्याला पुरवठा करणाऱ्या बॅटऱ्या वाहावयाच्या असल्याने एवढा पंख त्याला लागलाच. आजचा रिसीव्हर काड्यापेटीहूनही लहान असतो, सर्व्हो मोटार तळहातावर मावते, आणि त्यामुळे वाचलेले सारे वजन खऱ्या ओझ्यासाठी मोकळे झाले आहे: कॅमेरा, हवामानाची उपकरणे, बियाणे, औषधांची पेटी, किंवा विद्यार्थ्यांच्या स्पर्धांतून वाहिल्या जाणाऱ्या नुसत्या लोखंडी पट्ट्या.

हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून एक मध्यम प्रतीचे विमान कल्पू. पंखविस्तार ३.६ मीटर, पंखाची रुंदी अर्धा मीटर, म्हणजे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. इंजिन व इंधनासह रिकाम्या विमानाचे वजन ९ किलो. आणि वाहावयाचे ओझे ७ किलो. भरल्या विमानाचे १६ किलो वजन या पंखावर वाटले असता दर चौरस मीटरला नऊ किलोंच्या आत भार येतो, आणि साध्या घडणीच्या पंखाला तो पेलण्यासाठी ताशी किमान ३८ किलोमीटरच्या आसपास वेग ठेवावा लागतो. या वेगाच्या खाली पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागाला सोडून देते, उचल ढासळते, आणि विमान नाक टाकते किंवा एका कुशीवर कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. रिकाम्या विमानाचा हाच वेग साडेअठ्ठावीस किलोमीटरच्या घरात असतो, कारण स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. हे आकडे समुद्रसपाटीजवळच्या हवेतले. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या ठिकाणी, चैत्र-वैशाखातील पस्तीस अंशांच्या दुपारी, हवेची घनता प्रमाण मानलेल्या घनतेहून आठव्या हिश्शाने कमी भरते. पंखाची उचल, प्रोपेलरचा ओढा आणि इंजिनाची ताकद ही तिन्ही तेव्हा एकदम घटतात. म्हणून थंडीतल्या सकाळी सहज उचललेले ओझे उन्हाळ्याच्या दुपारी त्याच मैदानावर विमानाला जमिनीवरून हलू देत नाही, यात नवल नाही.

पंखाचा छेद कोणता निवडावा याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ साली आखलेला, आणि लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानालाही लाभलेला ‘क्लार्क वाय’ हा छेद खालून जवळजवळ सपाट असल्यामुळे पाटावर ठेवून बांधण्यास सोयीचा, आणि स्टॉलच्या वेळी चालकाला पूर्वसूचना देणारा आहे. इलिनॉय विद्यापीठातील मायकेल सेलिग यांनी मंद वेगासाठी सिद्ध केलेला ‘एस १२२३’ हा छेद तेवढ्याच क्षेत्रफळातून पुष्कळच अधिक उचल काढतो, आणि भार उचलण्याच्या स्पर्धांतून विद्यार्थ्यांची त्याच्यावर भिस्त असते. परंतु त्याची मागली कडा इतकी पातळ व वाकडी असते की बाल्सा लाकडात ती खरीखुरी उतरविणे हे कसबी हातांचेच काम, आणि ती थोडी जरी बिघडली तरी कागदावरची उचल कागदावरच राहते. पहिल्याच विमानाला हात घालणाऱ्याने क्लार्क वायच्या वाटेने जावे, असा माझा निःसंदिग्ध सल्ला आहे.

बांधणीतील खरे मर्म स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य कण्यात, आहे. पंखाला वर वाकविणारा ताण टोकाशी शून्य असतो आणि विमानाच्या अंगाशी, म्हणजे मुळाशी, सर्वांत अधिक असतो. वाकताना पंखाचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. म्हणून स्पारच्या वरच्या व खालच्या पट्ट्या स्प्रूससारख्या सरळ धाग्याच्या लाकडाच्या घेतात, आणि त्या दोहोंमध्ये बाल्साचे तुकडे असे बसवितात की त्यांच्या लाकडाचा धागा उभा राहावा. हे उभे धागे आडवे झाले तर वजन तेवढेच राहते, दिसावयासही फरक दिसत नाही, पण वरची पट्टी दाबाखाली बाजूला झुकू लागताच ते तुकडे तिला आधार न देता स्वतःच चिरतात. बाल्सा हे मुख्यत्वे एक्वाडोरच्या उष्ण अरण्यांतून येणारे लाकूड. त्याच्या एकाच गठ्ठ्यात कापसासारखी हलकी फळी आणि तिच्या दुप्पट-तिप्पट वजनाची कठीण फळी शेजारी शेजारी निघते. शहाणा कारागीर ती आधी तोलून वेगळी करतो, जड फळ्या मुळाकडे आणि हलक्या टोकाकडे व शेपटीकडे लावतो. कारण शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमची भरपाई नाकात कित्येक ग्रॅम घालून करावी लागते.

पंख पुरेसा मजबूत झाला की नाही याची एक जुनी व फार समर्पक चाचणी आहे. ओझे भरलेले संपूर्ण विमान दोघांनी पंखांच्या दोन टोकांना धरून जमिनीवरून उचलावयाचे. सरळ उड्डाणात उचल सबंध पंखभर पसरलेली असते. येथे मात्र सारा आधार टोकांपाशी एकवटतो, आणि थोडे गणित केले तर दिसते की मुळाशी येणारा वाकविणारा ताण सरळ उड्डाणातल्या ताणाच्या दुप्पट होतो. साठ अंशांनी कलून उंची न गमावता वळण घेणाऱ्या विमानाच्या पंखावर हाच दुप्पट ताण येतो. म्हणजे अंगणात दोन माणसांनी केलेली ती कृती आकाशातल्या एका तीव्र वळणाची तंतोतंत तालीमच असते. त्या वेळी पंखाशी कान नेऊन ऐकावे. एखादा बारीकसा कडकड आवाज आला तर पंख उतरवून, आवरण सोलून, त्या आवाजाचा उगम सापडेपर्यंत पुढचे काम तहकूब ठेवावे. वावटळीतला झोका किंवा घाईने ओढलेली स्टिक यांचा ताण याहून अधिक असतो. म्हणून जेथे जीवित वा मालमत्ता यांना धोका संभवतो तेथे पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात आणि चौपट भारापर्यंत जातात.

आता इंजिनाकडे वळू. मोठ्या मॉडेलांत वापरली जाणारी पेट्रोल इंजिने बहुतांशी झाडे तोडण्याच्या यांत्रिक करवतीच्या आणि गवत कापण्याच्या यंत्राच्या कुळातली आहेत. आपल्या कल्पित विमानाला ६० ते ६५ घनसेंटिमीटरचे, चार-पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे दोन-स्ट्रोक इंजिन उत्तम. करवत वाटेल त्या अंशात वाकडी धरून चालवावी लागत असल्याने तिच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा न ठेवता लवचिक पडदा बसविलेला असतो; इंजिनाच्या पोटातील दाबाच्या स्पंदनांनी तो पडदा हलतो आणि टाकीतून इंधन स्वतःच ओढून घेतो. हा गुण विमानाला आयताच उपकारक ठरला, कारण त्यामुळे टाकी इंजिनाला चिकटून ठेवण्याचे बंधन उरले नाही आणि ती थेट गुरुत्वमध्यावर बसविता आली. इंधन जसजसे जळते तसतसे टाकीचे वजन घटते. टाकी पुढे असेल तर उड्डाणाच्या अखेरीस विमान शेपटीकडे जड होते, आणि शेपटीकडे जड असलेले विमान चालकाचे ऐकत नाही. ओझ्याची कोठीही याच कारणाने गुरुत्वमध्यावरच असावी, म्हणजे ओझे भरले काय अन् उतरविले काय, विमानाचा तोल पंखाच्या रुंदीच्या पाव हिश्शाच्या किंचित मागे, जेथे तो असावयास पाहिजे, तेथेच राहतो.

एका सिलिंडरच्या इंजिनाचा मोठा दोष म्हणजे त्याचा हादरा. तो नटबोल्ट सैल करतो, टाकीतल्या इंधनाला फेस आणतो, तारांच्या जोडण्या झिजवितो. आणि हे सारे इतक्या गुपचूप होते की विमान पडल्यावरच त्याचा उलगडा व्हावा. म्हणून रिसीव्हर व बॅटरी स्पंजात गुंडाळणे, प्रत्येक बोल्टला धागा धरून ठेवणारे औषध लावणे, आणि दर दिवसाच्या उड्डाणांनंतर हाताने चाचपून पाहणे ही खबरदारी अपरिहार्य ठरते. दुसरी बाब ठिणगीची. मॅग्नेटोतून उडणारी प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी रेडिओ लहरच असते. जुन्या काळच्या रेडिओंना तिचा फार उपद्रव होई, आणि आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच पुष्कळ निर्ढावलेले असले तरी ठिणगीची यंत्रणा व रिसीव्हर यांत शक्य तेवढे अंतर ठेवावे, आणि थ्रॉटलचा दांडा धातूचा न घेता प्लॅस्टिकचा घ्यावा, हा नियम आजही योग्यच आहे. इतक्या मोठ्या प्रोपेलरची पाती हाडे मोडू शकतात. तेव्हा इंजिन चालू करताना विमान धरून ठेवणारा दुसरा माणूस आणि ठिणगी तोडणारे बाहेरचे बटण यांवाचून कोणीही पुढे होऊ नये.

मैदानाची निवड करताना कायद्याकडेही पाहावे लागते. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा मनोरंजन एवढ्याच कारणांसाठी डोळ्यांच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोंपर्यंतच्या विमानांचा मॉडेल म्हणून वेगळा वर्ग केला आहे. आपले १६ किलोंचे विमान त्यात बसते. पण ते कोणत्या क्षेत्रात उडवावे याचे निर्बंध त्यालाही लागू आहेत. मला तर डोळ्यांच्या टप्प्याची ही अट कायद्यात नसती तरी पाळण्याजोगी वाटते, कारण चालकाला विमानाचा कल दिसेनासा झाला की त्याचे कौशल्य तेथेच संपते.

चाचणीची खरी कसोटी धीराची असते. इंजिन प्रथम जमिनीवर, तेलाचे व इंधनाचे प्रमाण थोडे सढळ ठेवून, काही टाक्या जाळून मुरवून घ्यावे. मग ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम घटवून, विमानापासून दूर चालत जाऊन, सर्व्हो नीट हुकूम मानतात की नाही हे एकदा इंजिन बंद ठेवून आणि एकदा पूर्ण वेगात चालवून तपासावे. दोन्ही वेळा अंतर सारखे भरले तरच ठिणगीचा त्रास नाही असे समजावे. रिसीव्हरचा संपर्क तुटल्यास थ्रॉटल आपोआप मिटावा, ही तजवीज ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष पाहून घ्यावी. यानंतर विमान जमिनीवर नुसते चालवावे. पूर्ण थ्रॉटल देताच ते डावीकडे ओढले जाते, कारण प्रोपेलरच्या फिरण्याची प्रतिक्रिया आणि त्याने शेपटीवर फेकलेला हवेचा पिळदार झोत ही दोन्ही त्याला त्याच दिशेस नेतात. उजवा रडर किती व केव्हा द्यावा हे पायवाटेसारखे हाताला पाठ व्हावे लागते.

पहिले उड्डाण रिकाम्या विमानाचे. यात ओझ्याचा मोह कोणी धरू नये. पुरेशी उंची गाठल्यावर ट्रिम जुळवावे. मग थ्रॉटल मिटवून, एलेव्हेटर थोडा थोडा ओढत, स्टॉल कसा येतो हे लक्षपूर्वक पाहावे. नाक सरळ खाली गेले तर उत्तम. एकच पंख आधी पडला, तर दोन पंखांच्या पिळात फरक आहे असे धरून चालावे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत ओझे चढवू नये. कारण रिकाम्या विमानाने शंभर मीटर उंचीवर दाखविलेला दोष भरलेले विमान उतरताना, जमिनीपासून पाच मीटरवर, पुन्हा दाखविते. इंजिन बंद पडल्यावर विमान किती उतारावर तरंगत येते याचाही अंदाज याच वेळी घ्यावा.

यानंतर ओझे टप्प्याटप्प्याने वाढवावयाचे: आधी पाव, मग अर्धे, मग पाऊण, आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा तीच तपासणी. येथे एक गोष्ट नवख्याला हटकून चकविते. जमीन सोडण्यास लागणारा वेग वजनाबरोबर वाढतो, आणि त्याच वेळी वाढलेल्या वजनामुळे वेग धरण्यास वेळही अधिक लागतो. या दोहोंचा परिणाम एकमेकांत मिसळून, धावण्याचे अंतर वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपले विमान ९ किलोंवरून १६ किलोंवर गेले म्हणजे वजन पावणेदोन पटींहून किंचित अधिक झाले, पण धावपट्टी मात्र तिपटीहून अधिक लागते, आणि गवत उंच असेल तर त्याहूनही जास्त. जमीन सोडल्यावरही चालकाची परीक्षा सरत नाही. जमिनीलगतच्या हवेत पंखाला थोडा फुकटचा आधार मिळतो. त्या भरात नाक वर ओढले की विमान त्या आधारातून बाहेर पडते आणि वेग नसलेल्या अवस्थेत लटकते. वर गेल्यावर वाऱ्याच्या दिशेने वळताच ते जमिनीच्या मानाने वेगात धावताना दिसते, चालक थ्रॉटल कमी करतो, आणि हवेच्या मानाने ते मंदच असल्याने वळणातच स्टॉल होते. साठ अंशांच्या कलात भरल्या विमानाचा स्टॉलचा वेग ३८ वरून ५४ किलोमीटरवर जातो, हे ज्याने मनात पक्के केले आहे तो रुंद, सावकाश वळणे घेतो.

या साऱ्या जमाखर्चाचे जे उदाहरण मला सर्वांत विलक्षण वाटते त्यातले ओझे निव्वळ इंधनाचे होते. मेनार्ड हिल हे धातुशास्त्रज्ञ. मेरीलँडमधील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकीच्या प्रयोगशाळेत ते काम करीत, आणि ‘गफ’चे कर्ते वॉल्टर गुड हेही त्याच प्रयोगशाळेत होते. उंची, वेग व टिकाव यांचे अनेक जागतिक विक्रम नावावर जमा झाल्यावर, सत्तरी ओलांडलेल्या, दृष्टी बहुतांशी गेलेल्या आणि कानांनीही अधू झालेल्या या गृहस्थांनी मॉडेल विमान अटलांटिक महासागर ओलांडून नेण्याचा संकल्प सोडला. आंतरराष्ट्रीय संघटना एफ. ए. आय. हिच्या नियमाप्रमाणे मॉडेलचे इंधनासह वजन ५ किलोंच्या आत हवे, आणि उड्डाण व अवतरण ही दोन्ही मनुष्याच्या हातच्या रेडिओनेच व्हावयास हवीत. मधला प्रवास उपग्रहांवरून दिशा घेणाऱ्या स्वयंचालकाकडे सोपविण्याची मुभा होती. हिल यांनी बांधलेले विमान सुमारे १.८ मीटर पंखविस्ताराचे, बाल्साचे, दहा घनसेंटिमीटरच्या चार-स्ट्रोक इंजिनाचे होते. रिकामे असता त्याचे वजन पावणेतीन किलोंच्या आसपास भरे. बाकी सारे इंधन, आणि तेही कंदिलात जाळतात त्या जातीचे स्वच्छ पेट्रोल. भागाकार केला तर दिसते की सुमारे एकोणचाळीस तास चालण्यासाठी इंजिनाने ताशी साठ ग्रॅमांच्या आतबाहेरच इंधन घ्यावयास हवे होते. एवढ्या अल्पाहारावर इंजिन न अडखळता चालविण्याची युक्ती सिद्ध करणे हीच हिल यांची खरी तपश्चर्या होय, आणि तिच्यापुढे बांधणीचे कौशल्यही मला दुय्यम वाटते.

२००२ च्या ऑगस्टमध्ये सोडलेल्या विमानांपैकी एकही पलीकडे पोहोचले नाही. २००३ मध्ये चौथेही वाटेत हरपले. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर येथून हिल यांनी स्वतःच्या हाताने फेकलेले पाचवे, ज्याला चाचण्या जेथे झाल्या त्या शेतावरून ‘स्पिरिट ऑफ बट्स फार्म’ असे नाव दिले होते, ते ११ ऑगस्टला आयर्लंडमधील क्लिफडेनजवळ मॅनिन येथील किनाऱ्यावर उतरले. अंतर सुमारे ३,०३० किलोमीटर, वेळ ३८ तास ५२ मिनिटांहून थोडा अधिक. वाटेत काही तास त्याच्याकडून उपग्रहामार्फत एकही वार्ता आली नव्हती. मोठ्या वजनाच्या वर्गात हा महासागर १९९८ च्या ऑगस्टमध्येच ‘लायमा’ या सुमारे १३ किलोंच्या, हवामानाची मोजमापे घेण्यासाठी रचलेल्या एरोसोंड जातीच्या विमानाने ओलांडला होता. धावत्या मोटारीच्या टपावरून सोडलेले ते विमान २६ तास ४५ मिनिटांत सहा लिटरांहून कमी इंधनावर स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर उतरले. पण ते हिल यांच्या पाच किलोंच्या मर्यादेत बसणारे नव्हते.

अल्कॉक आणि ब्राऊन या दोघांनी जून १९१९ मध्ये न थांबता अटलांटिक प्रथम ओलांडला तोही न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून निघून याच क्लिफडेनच्या आसमंतात. त्यांच्या व्हिमी बाँबफेकी विमानात बाँबच्या जागी इंधनाच्या टाक्या बसविल्या होत्या, आणि दलदलीत उतरताना त्याचे नाक रुतले. हिल यांचे मॉडेल किनाऱ्यावर त्यांचे सहकारी डेव्ह ब्राऊन यांनी हातातल्या ट्रान्समीटरने उतरविले. तोवर त्याचे वजन फेकतेवेळच्या वजनाच्या निम्म्याहून थोडेच अधिक उरले होते, म्हणजे त्याचा स्टॉलचा वेग सुमारे चौथाईने खाली आला होता. त्यामुळे विक्रमाच्या या शेवटच्या, रेडिओने पार पाडावयाच्या भागात चालकाच्या वाट्याला आलेले विमान हलके आणि मंद गतीने उतरणारे होते. आणि केप स्पिअरला ज्या भारानिशी ते हातून सुटले होते त्या भारानिशी ते मॅनिनच्या किनाऱ्यावर उतरविणे कितीतरी अवघड गेले असते.